सर्चच्या पेटीत टाकलेला शब्द जातो कुठे? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही इंटरनेट सर्चबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, ईमेल आणि पत्रं दोन्ही भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून सगळ्यांचं फक्त गाव दिलंय.

प्रश्न: ताई, गूगलवर काहीही टाका, अर्ध्या सेकंदात रिझल्ट हजर. एवढ्यात ते अख्खं इंटरनेट फिरून येतं का? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

नाही, आणि ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ना की बाकीचं सगळं सोपं जातं. तुम्ही शब्द टाकता तेव्हा सर्च इंजिन इंटरनेटवर जातच नाही, ते स्वतःकडे आधीच करून ठेवलेल्या सूचीत बघतं. तुम्ही विचारायच्या कितीतरी आधीपासून क्रॉलर नावाचे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, गूगलचा गूगलबॉट, मायक्रोसॉफ्टचा बिंगबॉट वगैरे. ते एक पेज उघडतात, त्यातला मजकूर घेतात, त्या पेजवर ज्या लिंका असतील त्यांची नोंद करतात, मग त्या लिंकांवर जातात, तिथल्या लिंका घेतात, आणि हे थांबतच नाही. न्यूज साइटवर क्रॉलर दिवसातून कितीतरी वेळा येऊन जातो, आणि चार वर्षं ज्या पेजला कुणी हात लावला नाही तिथे क्वचित फिरकतो.

आता सूचीचं बघा. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, शब्द आणि त्यापुढे पान नंबर, अगदी तेच. समजा तीनच पेजेस आहेत. पहिलं म्हणतं 'लासलगावला आज कांदा वधारला', दुसरं 'कुरकुरीत कांदा भजी', तिसरं 'लासलगावच्या शाळेचा निकाल'. सूचीत 'कांदा' या शब्दापुढे लिहिलं जातं 1 आणि 2, 'लासलगाव' पुढे 1 आणि 3. तुम्ही 'लासलगाव कांदा' टाकलंत की दोन्ही यादीत कॉमन काय एवढंच बघायचं, उत्तर 1. पेजं तीन असोत की शेकडो अब्ज, काम हेच, फक्त ते हजारो कॉम्प्युटरवर वाटून एकाच वेळी होतं म्हणून तुम्हाला क्षणात दिसतं. शब्द पेजवर कितव्या जागी आलाय हेही सूचीत असतं, त्यामुळे अवतरण चिन्हात टाकलेले शब्द त्याच क्रमाने शोधता येतात.

आणि सगळे शब्द सारख्या वजनाचे नसतात. 'आहे', 'आणि' हे जवळपास प्रत्येक पेजवर असतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. 'लासलगाव' मात्र मोजक्याच पेजवर, म्हणून त्याचं वजन जास्त. ही कल्पना केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या संशोधिकेने 1972 मध्ये मांडली, म्हणजे वेबचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. आज कितीही एआय आलं असलं तरी तिचा तो विचार सर्चच्या पायात आहेच, आणि त्या बाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: पण मग कुठलं पेज वर आणि कुठलं खाली हे कोण ठरवतं? माणसं बसलेली असतात का? (बँक कर्मचारी, सोलापूर)

एकेकाळी खरंच माणसं बसलेली होती. याहू 1994 मध्ये सुरू झालं ते डिरेक्टरी म्हणून, माणसं साइट बघून विषयवार लावायची. वेब वाढलं तसं ते आवाक्याबाहेर गेलं. मग अल्टाव्हिस्टासारखी इंजिनं आली, डिसेंबर 1995 मधलं अल्टाव्हिस्टा तेव्हा भलतंच वेगवान होतं, पण रँकिंग प्रामुख्याने पेजवरच्या शब्दांवर. त्यात खोट अशी की पेजवर काय लिहायचं ते पेजवाल्याच्याच हातात. पांढऱ्या बॅकग्राऊंडवर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द पाचशे वेळा लिहिला, वाचणाऱ्याला दिसत नाही पण मशीनला दिसतो, झालं, पेज वर.

स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1996 च्या सुमाराला वेगळा विचार केला. एखादं वेबपेज स्वतःबद्दल काय म्हणतं ते जाऊ दे, बाकीचे लोक त्याला लिंक देतात का ते बघू. पण नुसती लिंकांची मोजणी नाही, लिंक देणाऱ्याचं स्वतःचं वजन किती तेही धरायचं, आणि ते वजन तो जितक्या लिंका देतो तितक्यात वाटलं जातं. म्हणजे ज्याला खूप जण मानतात अशा पेजने दहाच लिंका दिल्या तर त्यातली प्रत्येक लिंक भारी, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याने हजार लिंका वाटल्या तरी त्यांची किंमत जवळपास शून्य. याला त्यांनी पेजरँक नाव दिलं, ते लॅरी पेजच्या आडनावावरून आलंय.

गणित करताना त्यांनी अशी कल्पना केली की एक माणूस उगाच लिंकांवर क्लिक करत भटकतोय, शंभरातल्या साधारण 85 वेळा तो समोरच्या पेजवरची कुठलीतरी लिंक दाबतो आणि उरलेल्या 15 वेळा कंटाळून भलत्याच पेजवर उडी मारतो. असा तो भटकत राहिला तर कुठल्या पेजवर जास्त वेळा सापडेल, ती शक्यता म्हणजे त्या पेजचा पेजरँक. 1998 च्या त्यांच्या शोधनिबंधात सूचीत होती 2 कोटी 40 लाख पेजं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांची गूगल कंपनी झाली.

लोकांनी यावरही तोडगा काढलाच, लिंकांचा बाजार सुरू झाला. त्यावर गूगलने फेब्रुवारी 2011 मध्ये पांडा नावाचा बदल आणला, पोकळ मजकुराच्या साइट खाली ढकलायला, आणि एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन, विकतच्या लिंका पकडायला. आज पेजरँक हा शेकडो निकषांतला एक आहे. शब्द कुठे आलाय, मथळ्यात की तळाशी, पेज किती ताजं, फोनवर नीट दिसतं का, आणि मुख्य म्हणजे लोक क्लिक कशावर करतात. हे क्लिकचं प्रकरण गूगल वर्षानुवर्षं उघडपणे बोलत नव्हतं, अमेरिकेतल्या सरकारी खटल्यात 2023 मध्ये साक्षीत आलं की नेव्हबूस्ट नावाची त्यांची यंत्रणा मागच्या 13 महिन्यांचे क्लिक लक्षात ठेवते. त्याच खटल्यात ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून 2021 या एका वर्षात कंपनीने 26 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोजली होती. आपल्याकडे स्पर्धा आयोगानेही फेब्रुवारी 2018 मध्ये सर्चमधल्या पक्षपाताबद्दल गूगलला 135.86 कोटींचा दंड लावला. म्हणून 'मशीन ठरवतं' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. मशीनने काय मोजायचं हे माणसंच ठरवतात, आणि त्या माणसांचा धंदा असतो.

प्रश्न: गुहागरजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. वेबसाइट करून तीन-चार महिने झाले, गूगलवर नाव टाकलं तरी येत नाही. एक जण म्हणतो पंचवीस हजार द्या, पहिल्या पानाची गॅरंटी. देऊ का? (गुहागर)

देऊ नका दादा. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे खुद्द गूगलने लिहून ठेवलंय. असे लोक बहुतेक वेळा कुठूनतरी शेदोनशे विकतच्या लिंका लावून देतात, आणि त्या पकडल्या गेल्या की साइट होती त्याहून खाली जाते, तोवर पैसे घेणारा गायब झालेला असतो.

आधी हे बघा की तुमची साइट सूचीत आहे तरी का. सर्चमध्ये इंग्रजीत साइट, मग कोलन, आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता टाका. काहीच आलं नाही तर रँकिंगचा प्रश्नच नाही, तुम्ही सूचीतच नाही. याचं फार कॉमन कारण सांगते, साइट बनवताना ती अर्धवट असेपर्यंत कुणाला दिसू नये म्हणून डेव्हलपर 'नोइंडेक्स'ची, म्हणजे सूचीत घेऊ नका सांगणारी, खूण लावतो आणि काम झाल्यावर काढायला विसरतो. किंवा रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची छोटी फाइल असते, क्रॉलरने कुठे यायचं आणि कुठे नाही हे सांगणारी, ही पद्धत 1994 पासूनची आहे, तिच्यात चुकून अख्ख्या साइटलाच मनाई लिहिलेली राहते. ज्याने साइट बनवली त्याला या दोन गोष्टी फोनवर विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही मेलमध्ये लिंक पाठवलीत म्हणून साइट बघितली. फोटो सुंदर आहेत, पण खोल्यांचे दर, जेवणाचा मेनू, पत्ता, सगळं एका पोस्टरच्या इमेजमध्ये आहे. माणसाला ते वाचता येतं. इमेजमधली अक्षरं ओळखायचा प्रयत्न मशीन करतं, पण त्यावर विसंबून राहू नका, त्यातून रंगीत पोस्टरवरची वळणदार देवनागरी म्हटल्यावर तर नाहीच. तेच सगळं साध्या टाइप केलेल्या मजकुरात लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही: गुहागरच्या बीचपासून किती लांब, व्याडेश्वर मंदिराकडून कसं यायचं, मोदक आधी सांगावे लागतात का, कुत्रं आणलं तर चालेल का. पाहुणा फोन करून जे विचारतो ना, तेच शब्द तो सर्चमध्येही टाकतो, ते पेजवर असू देत. गूगल रोजच्या सर्चपैकी 15 टक्के त्यांनी आधी कधीच न बघितलेले असतात असं सांगतं, इतकं लोक नाना तऱ्हेने विचारतात, तेव्हा तुमच्या बारीक तपशिलाला गिऱ्हाईक नक्की आहे.

मग गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, तिथे साइट जोडा आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पेजांची यादी, द्या. गूगलवरची धंद्याची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइलही फुकट, मॅपवर त्यामुळेच दिसता. आणि साइट फोनवर कशी दिसते ते जरूर बघा, क्रॉलर आता मोबाइलवरचंच रूप धरून चालतो, तुमच्या साइटचं बुकिंगचं बटण फोनवर स्क्रीनच्या बाहेर जातंय.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. वीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या इतिहासावर पुष्कळ लेख लिहून एका साइटवर दिले. साइट अजून चालू आहे, पण त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं टाकलं तरी सर्चमध्ये सापडत नाही. असं का? (जुन्नर)

सर, तुमचं पत्र वाचून खूप वेळ मनात घोळत राहिलं, कारण हे तुमच्या एकट्याचं नाही, मराठीतलं त्या काळातलं किती लिखाण असंच गाडलं गेलंय.

कारण फॉन्टचं आहे. त्या वेळी कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम असे फॉन्ट वापरले जायचे. त्यात स्क्रीनवर मराठी दिसायचं पण फाइलमध्ये साठवलेली असायची इंग्रजी अक्षरांची जागा घेणारी चिन्हं. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं तर फाइलमध्ये खरं काय असतं माहितीये? इंग्रजी ई, जे, के, बी, एच, एवढंच. फॉन्ट त्यावर मराठीचं रूप चढवतो. क्रॉलरला रूप दिसत नाही, त्याला ती पाच अक्षरंच दिसतात, तो ती तशीच सूचीत टाकतो. आज तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'मराठी' शोधता तेव्हा या दोन्हीची गाठ पडणार कशी. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण विंडोजमध्ये नीट दिसायला आणि आपल्या लोकांनी वापरायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि त्या मधल्या काळात मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या साइटही स्वतःचा फॉन्ट डाउनलोड करायला लावायच्या.

उपाय आहे सर. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, फक्त कुठला फॉन्ट होता ते नक्की माहीत पाहिजे, आणि बदलल्यावर एकदा बसून वाचायला हवं कारण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार हमखास इकडेतिकडे होतात. गावातल्या एखाद्या मुलीला-मुलाला सोबत घ्या. लेख साइटवाल्यांकडे परत द्या, किंवा स्वतःचा साधा ब्लॉग काढून तिथे टाका. मूळ फाइली जपून ठेवा, त्या टाकू नका.

युनिकोडमध्येही थोड्या अडचणी आहेत, त्याही सांगते. 'ॲप' मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो, अ वर चंद्र देऊन किंवा एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 ला आलं. 'दऱ्या' मधल्या अर्ध्या र चंही तसंच, दोन पद्धती, दिसायला सारख्या आणि आतून वेगळ्या. मोठी इंजिनं हा फरक बऱ्याचदा सांभाळून घेतात, पण छोट्या साइटच्या आतलं सर्च किंवा ग्रंथालयाचं कॅटलॉग घेत नाही, तेव्हा सापडलं नाही तर दुसऱ्या प्रकारे टाइप करून बघा. आणि आपल्या भाषेत शब्द रूपं बदलतो, पाऊस, पावसाने, पावसाळी, घर, घरातून, घरांपाशी. वर लासलगावच्या उदाहरणात मी 'लासलगावला' सरळ 'लासलगाव' खाली टाकलं, ते मशीनला शिकवावं लागतं. इंग्रजीसाठी हे काम फार आधी झालं, मराठीसाठी हळूहळू होतंय. वाक्याचा संदर्भ समजून घेणारं बर्ट नावाचं मॉडेल गूगलने 2019 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजीला लावलं आणि डिसेंबरमध्ये आणखी सत्तरेक भाषांना, त्यात मराठी होती. पण मॉडेल शिकतं ते वेबवरच्या मजकुरावरून, आणि तिथे मराठी कमी. आपलं रोजचं उत्तम लिखाण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि बंद फेसबुक ग्रुपमध्ये फिरतं, जिथे क्रॉलर जाऊच शकत नाही. दोन दिवसांत ते वर सरकून जातं आणि पुन्हा कुणालाच मिळत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, जे टिकावं असं वाटतं ते उघड्या वेबवर, टाइप करून ठेवा.

प्रश्न: बँकेचा कस्टमर केअर नंबर सर्च करून फोन केला आणि सासऱ्यांचे पैसे गेले. पहिल्याच पानावर खोटा नंबर कसा काय? (ठाणे)

फार वाईट झालं. सर्च इंजिनला खरं-खोटं कळत नाही, त्याला जुळणारं आणि वजनदार वाटणारं कळतं. चोर नेमके तेच करतात, 'अमुक बँक कस्टमर केअर नंबर' हे शब्द ठासून भरलेलं पेज बनवतात, कधी मॅपवरच्या नोंदीत 'बदल सुचवा' वापरून नंबर बदलतात, कधी सरळ जाहिरात घेतात. सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं ती पैसे देऊन मिळवलेली जागा, रँकिंगचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ते अक्षर इतकं बारीक असतं की वयस्कर माणसाला दिसत नाही. हे मला मुळीच पटत नाही. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकवरचाच घ्यायचा, सर्चमधला नाही. आणि पैसे गेले की पहिल्या तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. केला नसेल तर आजच करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

प्रश्न: माझ्या फोनवर आणि मिस्टरांच्या फोनवर एकच सर्च वेगळे रिझल्ट का देतो? (कोल्हापूर)

जागा, फोनची भाषा आणि आधी काय शोधलंत यामुळे. सगळ्यात जास्त फरक जागेचा, 'डेंटिस्ट' टाकलं तर राजारामपुरीत वेगळे आणि कागलला वेगळे येणारच.

प्रश्न: आता वर एआयचं उत्तर येतं, खाली जायची गरजच काय? (पुणे)

ते उत्तरही त्याच सूचीतून काढलेल्या पेजांवरून रचलेलं असतं. 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेत हे सुरू झालं तेव्हा पिझ्झाचं चीज घट्ट बसायला गोंद लावा असा सल्ला त्यात आला, कुणीतरी पूर्वी गंमत म्हणून लिहिलेलं मशीनने खरं धरलं. औषध, कायदा, पैसे यात शेजारी दिलेल्या लिंका उघडून मूळ पेज वाचाच.

प्रश्न: शासन निर्णय शोधायचा असतो, जीआरचा विषय टाकला तरी भलतीच न्यूज येते. काय करू? (ग्रामपंचायत कर्मचारी, बार्शी)

तुमच्या कामात हे रोजचंच असणार. दोन गोष्टी आड येतात. जीआरच्या साइटवर फॉर्म भरून यादी काढावी लागते, आणि क्रॉलर सहसा फॉर्म भरत नाही, त्यामुळे आतल्या बऱ्याच फाइली सूचीत पोचतच नाहीत. दुसरं, जुने जीआर स्कॅन केलेले, फिकट झेरॉक्स, वर शिक्का, अक्षर ओळखताना मशीन चुकतं. तरी आधी सर्चमध्ये करून बघा: विषयातले तीन-चार नेमके शब्द अवतरण चिन्हात, पुढे साइट कोलन महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन, आणि फाइलटाइप कोलन पीडीएफ, हे दोन्ही इंग्रजीत आणि कोलननंतर जागा न सोडता. नको ती न्यूज सारखी मध्ये येत असेल तर तिच्यातल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावा.

नाहीच मिळालं तर थेट जीआरच्या साइटवर जा, विभाग निवडा आणि तारीख एक-दोन महिन्यांच्या अंतरात द्या. एखाद्या नव्या जीआरमध्ये जुन्याचा नुसता उल्लेख असेल तर वर 'वाचा' या मथळ्याखाली त्याचा विभाग, क्रमांक आणि तारीख दिलेली असते, ती तारीख टाका. आणि बऱ्याच जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात 'त्याचा संकेतांक अमुक असा आहे' असं लिहून एक लांबलचक आकडा दिलेला असतो, तो हातात असेल तर बाकी काही भरू नका, तेवढा आकडा टाका, एकच फाइल येईल.